सांभाळून साहेबांची कंबर

'सांभाळून' साहेबांची कंबर धरली ती कपडे वाळत घालायच्या एका चिमट्यापायी.

निदान बादली तरी उचलायची होती! एखादं कपाट सरकवलं असतं, गादी माळ्यावर चढवली असती, तर चारचौघांत सांगायला तोंड राहिलं असतं. पण चिमटा! प्लास्टिकचा, निळा, आणि तोही एका बाजूनं तुटलेला. बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती आणि साहेब हातात चहाचा कप घेऊन दारात उभं राहून तिला समजावून सांगत होते.

"बादली उचलताना गुडघे वाकवायचे. कंबर नाही. वजन अंगाशी धरायचं, आणि मग सावकाश, सांभाळून..."

"मग तुम्हीच उचला की."

"मी शिकवतोय."

एवढ्यात तिच्या हातून तो चिमटा निसटला. साहेब सौजन्यानं वाकले. गुडघे ताठ, एका हातात कप, आणि कंबर पार दुमडलेली. नेमकं जसं वाकू नका म्हणून ते जगाला सांगत, तसंच वाकले. कमरेत कुठंतरी 'कट्' झालं आणि साहेब तिथंच थांबले.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग वर या."

"येतो."

"कधी?"

बायकोनं आधी कप काढून घेतला, मग साहेबांना कसंबसं उभं केलं, मग हसून घेतलं आणि शेवटी मलम आणलं. ते मलम इतकं जहाल होतं, की चोळणाऱ्याच्याही डोळ्यांतून पाणी यावं.

"उसण भरलीय. आज रजा टाका," ती म्हणाली.

"आज? अगं, आज मेलो तरी जायला हवं!"

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. दिव्यांगांच्या एका दिवसभराच्या केंद्रात ते सुरक्षा अधिकारी होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलेलं. फाटकातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत ते इतक्या वेळा "सांभाळून!" म्हणत, की सगळ्यांनी त्यांचं तेच नाव ठेवलं होतं. आज केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचं वर्षाचं सुरक्षा प्रशिक्षण होतं. शिकवणार साहेब, आणि ते नीट शिकवतात की नाही हे बघायला वरच्या कार्यालयातून तपासणीच्या बाई येणार. त्यातून उद्या बुद्धिबळाचे सामने होते, नदीपलीकडच्या केंद्रात.

हे सामने म्हणजे साधी गोष्ट नव्हे. गेल्या वर्षी नदीपलीकडच्यांनी ढाल जिंकून नेली आणि तेव्हापासून त्यांचे व्यवस्थापक अधूनमधून फोन करून, "तुम्ही ढालीला पॉलिश कोणतं लावत होता हो?" असं विचारत. हा फोन आला, की केंद्रात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागत नसे. उद्या ढाल परत आणायची, असा सगळ्यांनी पण केला होता.

आता मेख अशी, की व्हीलचेअरची गाडी बाहेर काढायची तर ड्रायव्हरशिवाय दोन प्रशिक्षित आणि धडधाकट माणसं बरोबर हवीत, हा नियम. केंद्रात अशी माणसं दोनच: थोरल्या सेविका मावशी आणि खुद्द साहेब. आणि ज्याची कंबर दुखावली त्यानं त्याच दिवशी सांगावं, दोन आठवडे उचलाउचलीच्या कामाला हात लावू नये, हाही नियम. तो साहेबांनीच केलेला, साहेबांच्याच अक्षरात भिंतीवर लावलेला. तो ते इतक्या कडकपणे पाळत, की अंगठा मुरगळला म्हणून स्वयंपाकीणबाईंना त्यांनी आठवडाभर वरणात डाव घालू दिला नव्हता. म्हणजे कंबर दुखतेय असं म्हणायची खोटी, की उद्याची गाडी रद्द. ढाल राहिली तिकडेच.

"कुणाला कळणार नाही," साहेब बायकोला म्हणाले आणि बुटाचे बंद तिच्याकडून बांधून घेऊन निघाले.

कळायला केंद्राच्या पायऱ्यांपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. व्हरांड्यात गुरुजी बसले होते. गुरुजींना डोळ्यांनी दिसत नसे. जन्मभर शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झालेले, आणि बुद्धिबळ बोटांनी चाचपून असं खेळायचे की डोळसांनी हात टेकावेत.

"कोण, साहेब?" गुरुजी म्हणाले. "आज पाऊल अडखळतंय तुमचं. आणि हा वास कसला?"

"कसला वास? छे! वास कुठंय?"

"मलमाचा. कंबर की गुडघा?"

"गुरुजी, हळू बोला हो!"

"म्हणजे कंबर."

तोवर राणीसरकारांची व्हीलचेअर घुंईं करत वळून आली. ही बाई संघाची पहिली खेळाडू. खुर्ची बॅटरीवर चालणारी आणि जीभही तशीच, एकदा सुरू झाली की थांबायची नाही. केंद्रात त्यांचा शब्द खाली पडत नसे, म्हणून राणीसरकार. साहेब ताठ उभे, चेहरा पांढरा, आणि हात कठड्याला घट्ट. राणीसरकारांनी खालून वर एकदा बघितलं आणि त्यांना सगळं समजलं.

"कधी धरली?"

"सकाळी."

"काय उचललंत?"

साहेबांनी मान खाली घातली. "चिमटा."

गुरुजींना खोकल्याची मोठी उबळ आली. राणीसरकार मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे ढाल होती.

"साहेब, नीट ऐका. आज तुमची कंबर दुखत नाही."

"अहो, पण नियम आहे. मीच केलाय तो."

"तुम्ही केलाय ना? मग तुमचं ऐकेल तो. दोन दिवस समजूत काढा त्याची." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "वर्षभर वाट बघतोय हो आम्ही. पुढच्या वर्षी मी त्या पटावर असेन की नसेन, कुणी सांगावं?"

साहेबांना गलबलून आलं. एरवी त्यांनी नियमासाठी सख्ख्या भावालाही सोडलं नसतं. पण या बाईचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. "बरं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलाच नियम मोडायचं ठरवलं.

"आता राहिला हा वास," गुरुजी म्हणाले. "तपासणीच्या बाईंनाही नाक असेलच."

राणीसरकारांकडे त्यावर तोड होती. एकाच माणसाला वास आला तर संशय येणार. सगळ्यांनाच आला तर कुणाचा म्हणून ओळखणार? त्यांनी औषधाच्या कपाटातून मलमाची डबी मागवली आणि ती हातोहात फिरवली. मावशींनी खांद्याला लावलं, स्वयंपाकीणबाईंनी मनगटाला, आणि कारकुनानं, का कोण जाणे, कपाळाला. हा कारकून पन्नाशीचा, पाप्याचं पितर, आणि साहेबांना अतोनात घाबरणारा. डबी संपली तेव्हा प्रशिक्षणाच्या हॉलमधले मच्छर खिडकीतून बाहेर निघून गेले होते.

तपासणीच्या बाई आल्या त्या दारातच थबकल्या. बाई ठेंगण्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी एक शिंक दिली, दुसरी दिली आणि मग हॉलवर नजर फिरवली.

"इथं सगळ्यांचीच अंगं दुखतात का?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! एका माणसाची कंबर झाकायला निघाले आणि अख्खं केंद्र जायबंदी ठरायची वेळ आली. राणीसरकारांनी कपाळाला हात लावला.

"नाही बाई," कारकून एकदम उठून उभा राहिला. घाबरला की तो फार बोलायचा. "हे आधीच लावतो आम्ही. दुखायच्या आधी. म्हणजे मग दुखतच नाही. साहेबांची शिस्त आहे."

"असं?" बाई म्हणाल्या. "हे मी नव्यानंच ऐकतेय."

"आमच्या साहेबांचं सगळं नवंच असतं," मावशींनी पुस्ती जोडली, आणि साहेबांना धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं.

प्रशिक्षण सुरू झालं. आणि काय आश्चर्य! साहेब इतकं सुंदर आजवर कधीच शिकवू शकले नव्हते. एरवी ते हातवारे करत, फळ्यापाशी धावत, मध्येच वाकून बुटाची नाडी बांधत. आज ते देवळातल्या समईसारखे सरळ. मागे बघायचं असलं तर अख्खे वळत. टेबलावरची वस्तू घ्यायची असली तर आधी दोन पावलं जवळ जात, पाय फाकवत, गुडघे वाकवत, श्वास घेत आणि मग ती वस्तू पोटाशी धरत. मग ती वस्तू खडू का असेना.

"बघा, बघा!" मावशी बाकीच्यांना म्हणाल्या. "खडूसुद्धा कसा उचलतात!"

अर्ध्या तासात सगळा हॉल साहेबांसारखा ताठ बसला. स्वयंपाकीणबाई पाण्याचा पेला दोन्ही हातांनी पोटाशी धरून पिऊ लागल्या. साहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, पण बाई मान डोलावत होत्या. राणीसरकारांनी गुरुजींच्या कानात "जमतंय, जमतंय" असं सांगितलं.

तेवढ्यात बाईंचं पेन घरंगळलं आणि थेट साहेबांच्या पायाशी येऊन थांबलं.

आता न उचलावं तर वाईट दिसतं. साहेबांनी पाय फाकवले, गुडघे वाकवले, पाठीचा कणा सरळ ठेवला आणि ते खाली, खाली, पार उकिडवे बसले. पेन हातात घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या आणि साहेब होते तिथंच राहिले.

"साहेब?" मावशी म्हणाल्या.

साहेबांच्या लक्षात आलं, की आता आपण स्वतःच्या बळावर उठत नाही. कमरेनं सपशेल नकार दिला होता. पण इतकी वर्षं शिकवण्यात घालवलेला माणूस तो. बुडतानाही काहीतरी शिकवणारच.

"समजा," ते उकिडव्यानंच म्हणाले, "समजा, एखादा माणूस असा खाली बसला आणि त्याला उठता येत नाही. तर आपण काय करायचं? कारकून, सांगा."

"धरून उचलायचा, साहेब."

"अजिबात नाही!" साहेब कळवळून ओरडले. "हातानं उचलायचं नाही! काय आणायचं?"

"पाळणा!" सगळे म्हणाले.

माणसाला झोळीत घालून, बटण दाबून उचलणारं एक यंत्र केंद्रात होतं. त्याला सगळे पाळणा म्हणत. कारकुनानं तो ढकलत आणला, मावशींनी झोळी उलगडली आणि दोघं साहेबांच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"आता मावशी, आधी काय विचारायचं?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

"परवानगी." मावशी साहेबांपुढे वाकल्या, अर्थात गुडघ्यांतून. "साहेब, तुम्हाला हात लावला तर चालेल का?"

"लावा लवकर!"

"असं नाही, साहेब. माणूस घाईत किंवा वेदनेत असेल तर पुन्हा शांतपणे विचारायचं, असं तुम्हीच शिकवलंय. साहेब, तुम्हाला हात लावला तर चालेल का?"

"हो," साहेब दात आवळून म्हणाले.

"आम्ही काय करणार आहोत ते समजावून सांगू का?" कारकुनानं विचारलं. त्याचीही भीड आता चेपली होती.

"सांगा बाबांनो. सावकाश सांगा. मला कुठं जायचंय?"

दोघांनी सगळं सांगितलं. पट्टे अडकवले, एकमेकांचे तपासले, कारकुनानं चाकांना ब्रेक लावला, साहेबांची कोपरं आत घेतली आणि बटण दाबलं. साहेब सावकाश जमिनीवरून सुटले. झोळीनं कमरेला खालून अलगद आधार दिला, सकाळपासून आवळलेली ती गाठ एकदम सैल पडली, आणि साहेबांच्या तोंडून त्यांना न विचारता एक मोठा "आहाहा!" बाहेर पडला.

"खाली घेऊ का, साहेब?"

"थांबा जरा," साहेब डोळे मिटून म्हणाले. "घाई कसली? वरचं प्रशिक्षणही व्हायला हवं."

तपासणीच्या बाई उठल्या आणि झोळीजवळ आल्या. साहेब अधांतरी, बाई ठेंगण्या; दोघांचे चेहरे बरोबर समोरासमोर आले.

"साहेब, कंबर कधी धरली?" त्यांनी हळूच विचारलं.

साहेबांनी डोळे उघडले. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? इतकी वर्षं मी हेच बघत फिरतेय. ज्याची पाठ धड असते तो माणूस इतकं नियमानं कधीच वाकत नाही."

लोंबकळत्या माणसानं खोटं तरी किती बोलावं? साहेबांनी सगळं सांगून टाकलं. चिमटा, मलम, उद्याची गाडी, ढाल, सगळं. "यांचा कुणाचा दोष नाही," ते म्हणाले. "नियम मी केला आणि मीच मोडला. काय शिक्षा करायची ती मला करा. पण बाई, यांची गाडी तेवढी अडवू नका. ढालीसाठी वर्षभर जीव टाकलाय हो यांनी."

राणीसरकार खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी खुर्ची अर्धी वळवली होती.

"तुम्ही दोन आठवडे काहीही उचलायचं नाही," बाई म्हणाल्या. "पेनसुद्धा."

"हो."

"दोन धडधाकट, प्रशिक्षित माणसं नसतील तर गाडी जायची नाही. नियम म्हणजे नियम."

"हो," साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला.

"आता दोन माणसांनी एका माणसाला जमिनीवरून उचललेलं मी स्वतः बघितलं. एक चूक नाही. परवानगी विचारली, ब्रेक लावले, पट्टे तपासले." बाईंनी कारकुनाकडे बोट केलं. "मावशींच्या जोडीला हे जातील. यांना प्रशिक्षित म्हणून मी आत्ता मंजुरी देते."

"मी?" कारकून म्हणाला आणि मटकन खुर्चीवर बसला.

मग जो ओरडा झाला त्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. गुरुजी काठी आपटत होते, मावशी कारकुनाच्या पाठीवर थापा मारत होत्या, राणीसरकारांची खुर्ची गोल गोल फिरत होती. या धांदलीत साहेब झोळीतच राहिले. त्यांना आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता. पण आपल्यावाचून गाडी अडेल म्हणून सकाळपासून आपण मरणयातना सोसल्या, आणि ती तर आपल्यावाचून खुशाल निघाली, हे त्यांना कुठंतरी लागलंच. माणूस आहे, लागणार.

ते राणीसरकारांच्याच ध्यानात आलं. "साहेब, तुम्हीही चला उद्या," खुर्ची थांबवून त्या म्हणाल्या.

"मी येऊन काय करू? मला पेनसुद्धा उचलायचं नाही."

"टाळ्या वाजवा. गाडीत मागं व्हीलचेअरची एक जागा रिकामी आहे. पुढं तुमच्या जागेवर आता कारकून बसणार, नियमच आहे तो. तुम्ही आमच्यात बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब केंद्राच्या एका जुन्या व्हीलचेअरमध्ये बसून गाडीत चढले. चढले म्हणजे, चढवले गेले. कारकुनानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो प्रत्येक पट्ट्याला "साहेब, चालेल ना?" विचारत होता आणि साहेब प्रत्येक वेळी "चालेल" म्हणत होते. चारही पट्टे आवळून झाल्यावर तो मागं सरला आणि म्हणाला, "सांभाळून हं!" मागच्या सगळ्यांनी तोंडाला रुमाल लावले.

गाडी निघाली. मावशी मागच्या दाराशी, गुरुजी बाकावर, राणीसरकार साहेबांच्या शेजारी आपल्या खुर्चीत. पुढं ड्रायव्हरच्या बाजूला कारकून असा बसला होता, जणू गाडी त्याच्याच नजरेनं चाललीय. शहर मागं पडलं, मोकळा रस्ता लागला आणि थोड्या वेळानं कारकून उत्साहानं मागं वळला.

"आलं बघा तळं! अहाहा, काय सुरेख! आणि तिकडं बघा, पाण्यावर बगळेच बगळे!"

"वा! वा!" मागून सगळे एका सुरात म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज गुरुजींचा होता.

साहेबांनी बघितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक जाडजूड पिवळा दांडा होता. बरोबर नजरेच्या रेषेत, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी मान उंच करून बघितली, तर कमरेतून कळ गेली. खाली घसरून बघावं तर पट्ट्यांनी सोडलं नाही.

"राणीसरकार, तळं कुठंय?"

"आहे म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? तुम्हाला दिसत नाही?"

"दांड्याच्या वर आभाळ दिसतं आणि खाली रस्त्याकडेचं गवत. मधलं सगळं दांडा खातो."

तो दांडा साहेबांनीच बसवून घेतला होता. सुरक्षेसाठी. गाडीत उभं राहून, टेप लावून, स्वतः उंची ठरवून. तेव्हा बसून बघायचं काही त्यांना सुचलं नव्हतं. आणि दर वर्षी, आज कारकून बसलाय त्या जागेवरून, मागं वळून ते सगळ्यांना तळं दाखवत आले होते. साहेबांचे कान तापले.

"अहो, मग मी दाखवायचो तेव्हा 'वा, वा' कशाला म्हणायचात?"

राणीसरकार हसल्या. "तुम्ही इतक्या हौसेनं दाखवायचात हो. नाही म्हणायला मन धजायचं नाही."

साहेबांनी त्या दांड्याकडे बघितलं. माघारी पोचल्या पोचल्या मिस्त्रीला बोलवायचं, त्यांनी ठरवून टाकलं, आणि उंची मोजताना या खुर्चीत आपण बसायचं.

"साहेब!" पुढून कारकुनानं आशेनं हाक मारली. "दिसलं का तळं?"

"वा," साहेब म्हणाले.

बाकावरून गुरुजी त्यांच्याकडे कलले. "जरा जोरात, साहेब," ते हळूच म्हणाले. "नवा आहे तो. वाईट वाटेल बिचाऱ्याला."